न मागितलेला हक्क

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मैदान चिखलानें भरून गेल्यामुळें मधल्या सुटींत मुलें व्हरांड्यांतच अडकून पडलीं होतीं. आम्ही तिकडून जात असतां इयत्ता नववींतील दोन विद्यार्थी भांडत भांडत आमच्यापुढें येऊन उभे राहिले. दोघांच्याही हातांत पत्ते होते. परंतु ते आपल्या ओळखीचे बावन्न पानांचे पत्ते नव्हते. प्रत्येक पानावर एक चित्र आणि त्याखालीं बारीक अक्षरांत मजकूर, असे ते नव्या धर्तीचे पत्ते होते. शाळेंत पत्ते आणावे कीं नाहीं, हा प्रश्न आम्हीं त्या वेळीं बाजूस ठेवला. कारण खरें सांगावयाचें तर भांडण मोठें मनोरंजक होतें.

एकाची तक्रार अशी कीं, त्याच्यापुढें मांडलेल्या एका पानावर त्याची पाळी सुरू होतांच त्यानें नेहमीपेक्षां एक पान अधिक उचलावें असें छापलें होतें. दोन पाळ्या तो हें विसरला. तिसऱ्या पाळीस त्यास आठवण झाली व तो राहिलेलीं दोन पानें मागूं लागला. दुसरा म्हणाला, "आतां कसचीं पानें? वेळ गेली."

"तुला ठाऊक होतें ना?"

"होतें."

"मग सांगितलें कां नाहींस?"

"मी कां सांगूं?"

हें शेवटचें उत्तर ऐकून आम्हांस राग आवरला नाहीं. ज्यास खरें ठाऊक आहे आणि जो तें मनांत ठेवतो तो लबाडच, असें आम्हीं तेथल्या तेथें ठरवून टाकलें. दोन्ही पानें देवविलीं, आणि त्या गप्प राहिलेल्या मुलास चारचौघांत 'लबाड' असें म्हटलेंही. तो कांहीं बोलला नाहीं. घंटा झाली व मुलें वर्गांत गेलीं. आमच्या मनांतून मात्र तें प्रकरण जाईना. शांतपणें विचार करूं लागतांच आपला निवाडा चुकला असें आम्हांस दिसूं लागलें. चूक चारचौघांत झाली. तेव्हां तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, म्हणून हा लेख.

प्रथम हा खेळ काय आहे तें पालकांस सांगितलें पाहिजे. त्याचें नांव 'मॅजिक : द गॅदरिंग' असें असून तो १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणिताच्या एका अभ्यासकानें तो रचला. पानें जमवावीं, मित्रांशीं त्यांची अदलाबदल करावी, आणि त्यांतून निवडून आपली स्वतःची गड्डी तयार करावी, असा याचा प्रकार आहे. नेहमींच्या स्पर्धेंत गड्डींत निदान ६० पानें लागतात. पानावरील कांहीं गुण खेळाडूनें आपल्या इच्छेनें वापरावयाचे असतात. कांहीं मात्र निमित्त घडतांच आपोआप जागे होतात. त्यांचीं वाक्यें 'जेव्हां', 'जेव्हां जेव्हां' किंवा 'अमुक वेळ येतांच' अशा शब्दांनीं सुरू होतात. आपण त्यांस निमित्तगुण म्हणूं.

सगळी अडचण या निमित्तगुणांत आहे. नियमाच्या पुस्तकाप्रमाणें निमित्त घडलें कीं गुण जागा झालाच. खेळाडूनें त्यास हांक मारावयाची नसते. पण पान कांहीं बोलत नाहीं. मेजावर बसलेल्या दोन माणसांपैकीं कोणी तरी तें आठवलें पाहिजे. दोघांनींही आठवलें नाहीं, किंवा एकास आठवून तो गप्प बसला, तर तो गुण घडला म्हणावयाचा कीं नाहीं? कागदावर घडला, मेजावर घडला नाहीं. अशा वेळीं पंचानें काय करावें, यावर त्या खेळाच्या पंचांनीं वर्षानुवर्षें डोकें शिणविलें आहे. पूर्वी प्रतिपक्षानेंही आठवण करून द्यावी अशी अपेक्षा असे. २०१२ सालीं ती सोडून देण्यांत आली. आतां मोठ्या स्पर्धांत नियम असा आहे कीं, ज्याचें पान त्यानें आपला निमित्तगुण आठवावा. प्रतिपक्षानें आठवण दिलीच पाहिजे असें नाहीं. आणि जवळून जाणाऱ्या पंचास ती विसर दिसली, तरी त्यानें मुकाट्यानें पुढें जावें. फार वेळ गेला नसेल आणि चूक लक्षांत आली, तर तो गुण अंमलांत आणावा कीं नाहीं हें प्रतिपक्षानें ठरवावयाचें. घरगुती खेळांत नियम सैल आहेत. तेथें पंच पाहिजे तर गुण मागाहून लागू करतो, पण त्यामुळें डावाची घडी विस्कटणार नसेल तरच. दोन पाळ्या मागें जाऊन दोन पानें देवविणें हें कोणत्याच नियमांत बसलें नसतें. म्हणजे आमचा निवाडा सैल नियमानेंही चुकला आणि कडक नियमानेंही.

नियम असा आहे, म्हणून तो योग्य आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो योग्य कां, हें पाहूं.

आमच्या मतें याचें उत्तर आपल्या घरांतच आहे. दिवाळीच्या सुटींत 'पांच-तीन-दोन' खेळला नाहीं असा मुलगा नाशिकांत विरळा. तिघे खेळगडी, प्रत्येकास दहा पानें. एकानें पांच हात करावयाचे, दुसऱ्यानें तीन, तिसऱ्यानें दोन. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावांत, ज्याचे कमी पडले त्याच्या हातांतलीं पानें ओढतो. आतां तो ओढावयाचें विसरला आणि पहिलें पान खालीं पडलें, तर काय होतें? आजी, मावशी, धाकटा भाऊ, सगळे एकदम ओरडतात, "गेलं आता, डाव सुरू झाला!" त्याची समजूत घालावयास कोणी जात नाहीं, आणि ज्याचीं पानें वांचलीं त्यास कोणी लबाडही म्हणत नाहीं. उलट तो मिशीतल्या मिशींत हंसतो, आणि विसरलेला गडी पुढच्या डावांत पानें वांटून होण्यापूर्वींच हात पुढें करून बसतो. जी गोष्ट आजीस कळते ती आम्हांस व्हरांड्यांत कळली नाहीं, याची आम्हांस लाज वाटते.

आठवण ठेवणें हा खेळाचाच भाग आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० पानें. कोणतीं पानें पडून गेलीं तें ज्याच्या लक्षांत राहिलें त्याचाच तो खेळ. तेथें शेजाऱ्यानें "अमुक पान अजून यावयाचें आहे" असें सांगावयाचें ठरविलें तर खेळावयाचें राहिलें काय? प्रतिपक्षानें दुसऱ्याच्या हक्कांची वही ठेवावी असा नियम केला, तर दुहेरी अन्याय होतो. जो मन लावून खेळतो त्यास दोघांचें काम करावें लागतें, आणि जो निष्काळजी त्यास फुकट कारकून मिळतो.

क्रिकेटमध्यें हें तत्त्व फार जुनें आहे. फलंदाज नियमाप्रमाणें बाद असला तरी क्षेत्ररक्षकांपैकीं कोणीं दाद मागितल्यावांचून पंचानें त्यास बाद देऊं नये, असें त्या खेळाच्या ३१ व्या नियमांत स्पष्ट आहे. ही दाद पुढचा चेंडू टाकण्यासाठीं गोलंदाज धांवूं लागण्यापूर्वीं मागितली पाहिजे. नंतर मागितलेली व्यर्थ. ज्या पालकांनीं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सामने पाहिले असतील, त्यांनीं गोलंदाज व यष्टिरक्षक घसा फोडून ओरडतात तें ऐकलेंच असेल. पुष्कळांस तो उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नव्हे. तो एक अर्ज आहे, आणि अर्ज केल्यावांचून कचेरी उघडत नाहीं.

त्याच नियमांत एक लहानसें वाक्य आहे. त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. दाद मागितली नसली तरी, जो खरोखर बाद आहे त्या फलंदाजास आपण होऊन मैदान सोडण्यास हरकत नाहीं, अशा अर्थाचें तें वाक्य आहे. म्हणजे पंचानें गप्प बसावें. पण फलंदाजाच्या सचोटीस कोणीं बांध घातलेला नाहीं. आमच्या पालकांपैकीं जे वकिली करतात त्यांस येथें आमच्या कर्जाच्या कायद्याची आठवण होईल. उसन्या दिलेल्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. मुदत टळली कीं न्यायाधीश दावा काढून टाकतो, प्रतिवादीनें मुदतीचा मुद्दा काढला नसला तरी. तथापि १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें मुदत गेलेलें कर्जसुद्धां फेडीन असें ऋणकोनें लिहून, सही करून दिलें, तर तें वचन त्यास बांधतें. हक्क मागावयाची मुदत संपते. देणाऱ्याच्या प्रामाणिकपणास मुदत नाहीं.

हक्क सोडून देण्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंत घडलें आहे, तें विद्यार्थ्यांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फेब्रुवारी १९८० मध्यें वानखेडे स्टेडियमवर भारत व इंग्लंड यांचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताच्या २४२ धावा झाल्या होत्या. इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत गेले असतां बॉब टेलर यांस पंचांनीं यष्टीमागें झेलबाद ठरविलें. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ जवळच उभे होते. चेंडू बॅटीस लागला नाहीं अशी त्यांची खात्री होती. त्यांनीं पंचांस विनंति करून टेलर यांस परत बोलाविलें. पुढें टेलर यांनीं ४३ धावा केल्या, बोथम यांनीं ११४, आणि त्या दोघांनीं मिळून १७१ धावांची भर घातली. बोथम यांनीं त्या सामन्यांत १३ गडीही टिपले, व इंग्लंडनें दहा गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथ यांनीं केलें तें थोर खरें; पण तें थोर कशामुळें ठरलें? हातीं आलेला हक्क त्यांचा होता, आणि त्यांनींच तो परत दिला. पंचांनीं प्रत्येक कर्णधाराच्या वतीनें उदार व्हावयाचें ठरविलें असतें, तर विश्वनाथ यांस उदार होण्यास जागाच उरली नसती.

याच्या उलट बाजूचा एक प्रसंग. हल्लीं पंचाच्या निकालाविरुद्ध फेरतपासणी मागण्यास खेळाडूंस १५ सेकंद मिळतात, व अशा असफल मागण्यांची संख्या ठरलेली असते. २०१९ सालीं हेडिंग्लेच्या कसोटींत ऑस्ट्रेलियानें आपली शेवटची मागणी लीच यांच्याविरुद्ध वायां घालविली. लगेच पुढच्या षटकांत, इंग्लंडला जिंकावयास दोनच धावा हव्या असतां, लायन यांनीं स्टोक्स यांच्याविरुद्ध पायचीतची दाद मागितली. पंचांनीं ती नाकारली. चित्रांत पाहतां स्टोक्स बाद होते. तें सर्व जगास दिसलें. परंतु मागण्याचा हक्क आधींच संपला होता, आणि इंग्लंड एका गड्यानें जिंकलें. हळहळ वाटते खरी. तरी पण मागण्या संपलेल्यास आणखी एक मागणी द्यावी असें कोणी म्हणेल, तर ज्यानें आपली मागणी जपून ठेविली त्याचें काय?

आतां कोणी म्हणेल कीं मग पंच हा केवळ बुजगावणें झाला. तसें नाहीं. कोठें गप्प बसावें व कोठें बोलावें, याची रेषा बुद्धिबळाच्या नियमांत फार सुंदर आंखलेली आहे. आमच्या नाशिकचे विदित गुजराथी २०१३ सालीं ग्रँडमास्टर झाले, आणि २०२४ च्या बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत ते होते; तेव्हां पटाविषयीं येथें निराळें सांगावयास नको. पटावर तीच स्थिति तीनदां आली, तर ज्याची खेळी त्यास डाव बरोबरींत सोडवितां येतो. पण त्यानें तसें मागितलें पाहिजे. मोहरा हातानें उचलला कीं त्या खेळीपुरता तो हक्क गेला. येथें पंच गप्प. परंतु २०१४ पासून असा नियम आहे कीं, तीच स्थिति पांचदां आली, तर कोणीं मागो वा न मागो, डाव बरोबरींतच संपतो. तीनपर्यंत तो त्या दोघांचा खाजगी प्रश्न. पांचव्या वेळीं तो खेळाचा प्रश्न. आम्हांस ही रेषा पाहून नियम करणाऱ्यांचें कौतुक वाटलें.

पत्त्यांच्या खेळांतही पंच एके ठिकाणीं बोलतो, आणि आमच्या मतें या साऱ्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. निमित्तगुण नेहमीं लाभाचाच असतो असें नाहीं. 'पॅक्ट ऑफ निगेशन' नांवाचें एक पान आहे. तें प्रतिपक्षाचा मंत्र फुकट हाणून पाडतें. पण पुढच्या पाळीच्या आरंभीं त्याची भारी किंमत द्यावी लागते, न दिल्यास डाव हरला. हें एक प्रकारचें उसनेंच. असें देणें खेळाडू विसरला, तर पंच मध्यें पडतो व ताकीद देतो. आणि तो विसरला नसून मुद्दाम गप्प बसला असें आढळलें, तर ती फसवणूक ठरते. आपलें येणें न मागणें हा वेंधळेपणा. आपलें देणें न सांगणें ही लबाडी. दोन्ही ठिकाणीं तोंड बंदच असतें, पण दोन्ही मौनें एक नव्हत. त्या दिवशीं गप्प राहिलेला मुलगा आपलें देणें लपवीत नव्हता. तो दुसऱ्याच्या येण्याची आठवण करून देत नव्हता, इतकेंच. आणि 'ठाऊक होतें ना' असें विचारतांच त्यानें 'होतें' असें सरळ सांगितलें. खोटें बोलला असता तर निराळी गोष्ट.

या मतावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्हांस पूर्णपणें परतवितां येत नाहीं. मागेल त्यास मिळेल असा नियम केला, म्हणजे बोलक्याचें फावतें व लाजाळूचें नुकसान होतें. आमच्या शाळेंत नवी, खेड्यांतून आलेलीं कितीएक मुलें अशीं आहेत कीं चेंडू पायावर आदळला तरी तोंडांतून शब्द फुटत नाहीं. क्रिकेटमध्यें दाद कोणत्याही क्षेत्ररक्षकास मागतां येते, म्हणून तेथें सोबती सांभाळून घेतात; पत्त्यांच्या किंवा बुद्धिबळाच्या मेजावर मूल एकटें असतें. याकरितां पांचवी-सहावीच्या सामन्यांत पंचानें दोन्ही बाजूंस आठवण द्यावी, असें आमचें मत आहे. मात्र तें सामना सुरू होण्यापूर्वीं दोन्ही बाजूंस सांगितलेलें असावें. मध्येंच कणव येऊन एकाच्या कानांत सांगणें म्हणजे दुसऱ्याच्या खिशांतून दान करणें होय. वरच्या वर्गांत मात्र ही सवलत नको. त्या मुलांस बोलावयास शिकविणें हें आमचें, शिक्षकांचें काम आहे. तें आम्ही पंचाच्या शिटीवर ढकलूं नये.

जातां जातां पालकांसही एक विनंति. आंतरवर्गीय सामन्यांत सीमेबाहेरून "अरे, अपील कर ना!" असें ओरडणारे पुष्कळ असतात. प्रेमानेंच ओरडतात, हें आम्ही जाणतों. पण पत्त्यांच्या स्पर्धेंत प्रेक्षकानें अशी मदत केली तर तिला बाहेरची मदत म्हणतात, आणि ती फार गंभीर मानली जाते. बुद्धिबळांत प्रेक्षकास कांहीं गैर दिसलें तर त्यानें फक्त पंचास सांगावें, खेळाडूस नव्हे. आपला हक्क आपण मागितला याचा जो आनंद मुलास व्हावयाचा, तो वडिलांच्या आवाजांत बुडून जातो.

राहतां राहिलें प्रेम व सौजन्य. प्रतिस्पर्ध्यास "अरे, तुझें पान राहिलें" असें सांगणारा मुलगा आम्हांस आवडतो. असा मुलगा भेटला तर आम्ही त्याची पाठ थोपटूं. पण तें त्यानें दिलेलें दान आहे. दान ज्यानें दिलें नाहीं त्यास चोर म्हणतां येत नाहीं. आणि आम्हीं त्या दिवशीं नेमकें तेंच म्हटलें.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून, ज्यांच्यापुढें त्यास लबाड म्हटलें होतें त्या मुलांदेखत, आमची चूक सांगितली. तो थोडा वेळ घुटमळला. मग त्यानें विचारलें, "सर, मग त्या दिवशीचा डाव कोणाचा?" दुसरा मुलगा लगेच म्हणाला, "ते तू त्याच वेळी विचारायला हवं होतंस." दोघेही हंसूं लागले, आणि नव्या डावासाठीं पानें पिसावयास बसले.